खंडेनवमीची बॅच

एखादी वस्तू माणसाच्या शरीरात ठेवण्यायोग्य आहे की नाही, हा प्रश्न सर्वप्रथम पेशींना विचारतात. एका उथळ, पारदर्शक बशीच्या तळाशी पेशींचा पातळ थर वाढवायचा. आम्ही त्या बशीला प्लेट म्हणत असू. तपासायची वस्तू पोषणद्रवात, शरीराइतक्या उष्णतेवर, दिवसभर भिजत ठेवायची. मग तो द्रव पेशींवर घालायचा आणि वाट पाहायची. वस्तूतून काही अपायकारक झिरपले असेल तर पेशी आक्रसतात, गोल होतात, तळ सोडून तरंगू लागतात. काही झिरपले नसेल तर त्या तळाला धरून पसरलेल्या राहतात आणि आपले काम चालू ठेवतात. नवी मुंबईत महाप्याच्या एका लहान कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मी अनेक वर्षे ही चाचणी केली. त्याआधी थोडा काळ मी शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. कोणतीही गोष्ट पायरीपायरीने सांगण्याची खोड मला घरातून आणि वर्गातून अशी दोन्हीकडून लागली. वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

खालच्या मजल्यावर जाड पोलादी दाराची एक टाकी होती. तिला सगळे चेंबर म्हणत. आतली हवा उपसून काढायची, कार्बन असलेला वायू थोडाथोडा आत सोडायचा आणि विजेच्या साहाय्याने त्याचे विघटन करायचे. म्हणजे आत मांडलेल्या धातूच्या तुकड्यांवर काळा, आरशासारखा चकाकणारा थर चढतो. हा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. त्यातले कार्बनचे अणू काही ठिकाणी पेन्सिलीच्या शिशातल्यासारखे आणि काही ठिकाणी हिऱ्यातल्यासारखे जोडलेले असतात, म्हणून तो गुळगुळीतही असतो आणि कठीणही. कारखान्याचा नेहमीचा धंदा ड्रिलवर आणि साच्यांवर हा थर देण्याचा. हाडात बसवायच्या स्क्रूंवरही तो देता यावा, एवढ्या एका ध्यासाने एक तरुण अभियंती तिथे नोकरीला आली होती. ही आठवण तिची आहे.

ती मूळची मराठवाड्यातली, बौद्ध कुटुंबातली. आईला घेऊन घणसोलीला भाड्याच्या घरात राहत असे. आईचे मनगट एकदा मोडले होते. ते जोडायला बसवलेली पोलादी पट्टी आईला मानवली नाही. त्या पोलादात निकेल असते आणि काही जणांच्या शरीराला ते सोसत नाही. हात सुजला, चट्टे उठले, आणि हाड पुरते जुळण्याआधीच पट्टी काढून टाकावी लागली. मनगट वाकडे राहिले ते राहिलेच. "भाकरी थापताना आईचा हात असा कलतो," असे म्हणून ती स्वतःचे मनगट बाहेरच्या बाजूला वळवून दाखवी. कार्बनचा घट्ट थर धातू आणि शरीर यांच्यामध्ये उभा राहतो आणि निकेलला बाहेर पडू देत नाही. तिला एवढेच साध्य करायचे होते.

मालकांनी तिला चेंबर वापरू दिले ते एका अटीवर. परराज्यातल्या एका इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीने आपले स्क्रू नमुन्यादाखल पाठवले होते. थर दिलेले स्क्रू पेशींच्या चाचणीत उतरले तर पुढचे काम मिळणार होते. उतरले नाहीत तर हा उद्योग तिथेच थांबणार होता आणि चेंबर पूर्णवेळ ड्रिलकडे जाणार होते. तिच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचा निकाल माझ्या प्लेटमध्ये लागायचा होता.

चेंबर चालवणारे गृहस्थ बोनकोड्याचे. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या वडिलांची भातशेती हे शहर वसवताना गेली, आणि मामा या पट्ट्यातले कारखाने एकामागून एक करत अखेर आमच्याकडे स्थिरावले. मला ते 'बाई' म्हणत, कारण त्यांच्या मते मी सगळ्यांशी पाचवीतल्या पोरांशी बोलावे तशी बोलत असे. तिला मात्र ते 'बाय' म्हणत, घरातल्या लेकीला म्हणावे तसे.

"बाय, तुजा चेंबर आज रुसलाय. प्रेशर खाली उतरत नाय."

"रुसला नाही मामा. दाराच्या रबरावर केस अडकलाय. तुमच्या मिशीचा असणार."

"माजी मिशी कवाच पांढरी झाली गो. यो काला हाय. तुजाच!"

असे त्यांचे चाले. पण स्वच्छतेचा धडा मामांनी तिच्याकडून मनापासून घेतला होता. बोटाचा नुसता तेलकट ठसा राहिला तरी थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो, हे तिने त्यांना एक खराब तुकडा दाखवून पटवले होते. त्या दिवसापासून मामा प्रत्यक्ष मालकांनाही दारात अडवत. "साहेब, टोपी," एवढेच म्हणत आणि केस झाकायची टोपी पुढे धरून उभे राहत.

एकदा चहाच्या वेळी मामांनी मला विचारले, "बाई, शरीराला कलत कसा नाय, का आत भायेरचा कोन येऊन बसलाय?"

प्रश्न उत्तम होता. मी सांगितले की शरीरात कोणतीही वस्तू गेली की क्षणार्धात रक्तातली प्रथिने तिच्यावर येऊन बसतात. पेशी मागाहून येतात, आणि त्यांची गाठ पडते ती या प्रथिनांच्या थराशी. पृष्ठभाग वाईट असेल तर त्यावर बसताना प्रथिनांचा आकार बिघडतो आणि पेशी बिथरतात. चांगल्या कार्बनवर बरीचशी प्रथिने आपला आकार न सोडता बसतात, म्हणून पेशीही शांत राहतात.

"म्हंजे पेशीला मूल वस्तू दिसतच नाय?"

"नाही. तिच्यावर आधी जे येऊन बसले आहे, तेच दिसते."

"लग्नातल्यासारका हाय मंग. नवरी कोन बगतो? सगले साडी नि दागिनेच बगतात." ती इतकी हसली की तिला चहाचा ठसका लागला. मी वर्गात जैवसुसंगतता शिकवली असती तर हेच उदाहरण दिले असते.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर तिची निर्णायक बॅच चेंबरमध्ये लागली. आमच्या पट्ट्यातला रिवाज असा: खंडेनवमीला यंत्रे धुऊनपुसून घ्यायची, झेंडूची तोरणे बांधायची, हळद-कुंकू वाहायचे, आरती करायची, आणि मग दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत कळ दाबायची नाही. पूजेच्या वेळी यंत्राच्या पोटात अर्धवट काम ठेवायचे नाही, असाही एक संकेत होता. तो कोणी घालून दिला हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तो कोणी मोडतही नसे.

ती या पूजेला कधीच नसे. दसरा हा तिच्या समाजाच्या धम्मदीक्षेचा दिवस. दरवर्षी ती आईला घेऊन आदल्या दिवशीच नागपूरला निघे. यावर कोणी चर्चा केली नव्हती, तिनेही कधी कारण सांगितले नव्हते. "बाय नागपूरला गेली," एवढे मामांनी म्हटले की विषय संपे.

निघण्यापूर्वी थर चढून पूर्ण झाला होता. ती मामांना म्हणाली, "मी आल्यावर पॅक करू. काढायलाच लागले तर ट्रे झाकून ठेवा." मामांनी तसेच केले. खंडेनवमीच्या सकाळी हातमोजे आणि मुखपट्टी लावून त्यांनी चेंबर उघडले, ट्रे बाहेर काढला, त्यावर झाकण घातले आणि स्वच्छ टेबलावर ठेवला. मग चेंबर आतून पुसून घेतले. इथपर्यंत सर्व काही नियमानुसार झाले.

पूजा मालकांनी केली, आरती सर्वांनी म्हटली. मामा तबक घेऊन फिरू लागले. चेंबरच्या दाराला, पंपाला, मापकाला, वजनकाट्याला, इतकेच काय, कोपऱ्यातल्या केरसुणीलाही बोट लागले. माझ्या सूक्ष्मदर्शकाला लावायला ते वर आले तेव्हा मी भिंग झाकून धरले आणि पायाला लावू दिले. पेढा घेऊन मी वरच थांबले. मामा परत खाली गेले. सगळे पांगत होते. मामांना झाकलेला ट्रे दिसला. त्यांनी झाकण उचलले, हळद-कुंकवाची चिमूट स्क्रूंवर वाहिली, हात जोडले आणि झाकण पुन्हा ठेवले.

सुट्टी संपल्यावर ती येण्याआधी त्यांनीच मऊ कापड अल्कोहोलमध्ये भिजवून एकेक स्क्रू पुसला. काळ्या थरावर काही उरलेले डोळ्यांना दिसत नव्हते. पण स्क्रूला आटे असतात, आणि आजकालच्या बाजारी कुंकवात बहुधा कृत्रिम रंग असतो. अल्कोहोलने तो विरघळला आणि पुसला जाण्याऐवजी आट्यांच्या तळाशी जाऊन बसला. चेंबरमधून निघालेला तुकडा कोणत्याही धुण्यापेक्षा स्वच्छ असतो, म्हणून तो पुन्हा धुवायचा नाही, ही तिचीच पद्धत होती आणि ती बरोबर होती. तिने स्क्रू पाकिटबंद केले, निर्जंतुक करून घेतले आणि माझ्याकडे दिले.

पेशी मेल्या. नुसता द्रव दिलेल्या शेजारच्या प्लेटमधल्या पेशी टवटवीत होत्या, म्हणजे चाचणीत खोट नव्हती. मी पुन्हा केली. पुन्हा तेच.

"बघू," म्हणून ती सूक्ष्मदर्शकाशी वाकली. "आकाशात फुगे सुटल्यासारख्या दिसतात," ती म्हणाली. पेशी गोल होऊन तरंगतात तेव्हा खरोखरच तशा दिसतात. मी निकाल कंपनीला कळवला, कारण तो कळवायचाच असतो. कंपनीने सभ्यपणे उत्तर दिले: कारण लेखी कळवा, कारण समाधानकारक असेल तर दुसरी बॅच तपासू.

मग आम्ही कारण शोधू लागलो. वायूची बाटली, पंपाचे तेल, निर्जंतुकीकरण, थर सुटणे, असे एकेक बाजूला करत गेलो. रंगाचा संशय कोणाला आला नाही, त्याचे एक साधे कारण होते. पोषणद्रवात आम्लता ओळखता यावी म्हणून मुळातच एक रंग घातलेला असतो. तो द्रव गुलाबीच असतो. त्यात आणखी थोडा गुलाबी मिसळला तर कोणाला दिसणार? शेवटी मी उरलेले स्क्रू साध्या, रंगहीन सलाईनमध्ये भिजत ठेवले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कागदासमोर धरलेल्या नळीत अगदी पुसट गुलाबी छटा उतरली होती.

"हा रंग आपल्या कुठल्याच वस्तूचा नाही," ती म्हणाली, आणि बारीक सुईने एका स्क्रूचा आटा कागदावर खरवडू लागली. तेवढ्यात मामा धुतलेले चिमटे घेऊन वर आले. कागदावरचा लाल कण त्यांनी पाहिला. चिमटे खाली ठेवले आणि स्टुलावर बसले.

"बाय, यो मी लावलाय."

"काय?"

"कुंकू. खंडेनवमीला. सगल्यांच्या मशिनीला लागला. तू न्हवतीस. तुज्या स्क्रूला कोन लावनार? म्हनून तुज्या नावानं मीच लावला. तुजा पास व्हावा म्हनून गो."

ती रागावेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "मामा, नुसतं तोंडानं 'पास हो' म्हणाला असतात तरी चाललं असतं की."

"पुसला पन मी. चांगला पुसला."

"पुसला म्हणूनच आत गेला." एवढे बोलून तिने कागदाची घडी केली.

अपयशाचे कारण सापडणे ही प्रयोगशाळेत चांगली बातमी असते. थर निर्दोष होता. त्याच्यावर जे येऊन बसले होते ते विषारी होते. हे कंपनीला लिहायचे, नवी बॅच करायची, चाचणी पुन्हा घ्यायची. मला यात कोठेही अडचण दिसत नव्हती. मामा तर स्वतःच मालकांकडे गेले, आम्हीही मागोमाग गेलो.

मालकांनी सगळे ऐकले आणि कपाळाला हात लावला. "आरती मी स्वतः केली होती, मामा. कोणाला काय बोलू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण हे लिहायचं नाही. उद्या बोंब होईल, हे लोक इम्प्लांटला कुंकू लावतात. ड्रिलचं गिऱ्हाईकपण जाईल. कारण सापडलं नाही, असं लिहा. टेन्शन घेऊ नका, दुसरी बॅच पाठवू आपण."

मी म्हणाले, "कारण सापडले नाही, याचा अर्थ ते असा घेतील की दोष थरातच आहे. मग दुसरी बॅच ते पाहणारच नाहीत."

"बाई, हा वर्ग नाही."

"नियम मात्र तोच आहे, साहेब."

ते थोडे विरघळले. पेन फिरवत म्हणाले, "ठीक आहे. प्रोसेस तिची आहे. तिला लिहायचं तर तिने सही करून लिहावं. मी अडवणार नाही."

मला हा आपला विजय वाटला. बाहेर जिन्यात मी मजकूरही सुचवला: नमुन्यांवर बाहेरील रंगद्रव्याचा अंश आढळला. एवढ्यात सत्यही राहते आणि कुंकवाचा उल्लेखही टळतो.

"मग त्यांचा पुढचा प्रश्न येईल," ती म्हणाली, "जिथं रंगाची वस्तू न्यायलाच बंदी आहे तिथं रंग आला कुठून? त्याचं काय उत्तर देऊ? खोटं मला लिहिता येणार नाही. आणि खरं लिहिलं तर..." ती कठड्याला टेकली. "मी पूजेला नसते, हे खाली सगळ्यांना माहीत आहे. कोणी काही बोलत नाही, मीपण काही बोलत नाही. आमचं बरं चाललंय. उद्या मीच लिहिलं, की पूजेमुळं माल खराब झाला. सगळे काय म्हणतील? बघा, शेवटी हिनं आमच्या पूजेवरच ढकललं."

"असे म्हणणाऱ्यांना आपण समजावू."

"तुम्ही समजावाल हो. त्यांना समजेलही. पण त्यानंतर मामा मला बाय म्हणतील का, ते सांगा."

"मी सही करते," मी म्हणाले.

"तुम्ही चाचणीवाल्या. प्रोसेसवर माझीच सही लागते." तिचे म्हणणे बरोबर होते. नियमाप्रमाणे तसेच होते.

याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात वाईट असे कोणीच नव्हते. मालकांना धंदा सांभाळायचा होता, मामांनी माया केली होती, तिने त्या मायेची किंमत जाणली होती. चार भल्या माणसांना एक खरे वाक्य लिहिता आले नाही, आणि त्याची शिक्षा एका निर्दोष थराला झाली. 'कारण सापडले नाही' असे पत्र मालकांच्या सहीने गेले. कंपनीने आभार मानले आणि थर न दिलेले, उरलेले स्क्रू परत मागवले. आजही त्यांच्या लेखी तो थर पेशींना न चालणाराच असेल.

स्क्रू परत करण्यापूर्वी मामा तिला म्हणाले, "बाय, एक बार चालवू. कोनाला पाठवायचा नाय, तरी चालवू." मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. कोणतीही पूजा नाही, कोणतीही घाई नाही, अशा एका साध्या दिवशी शेवटची बॅच निघाली. ती पाकिटात भरेपर्यंत मामा हात पाठीमागे बांधून उभे होते. मी चाचणी लावली, दोन्ही तुलनेच्या प्लेटसह (एकीत नुसता द्रव, दुसरीत मुद्दाम घातलेला विषारी पदार्थ), अगदी पाठवायची असती तशी.

निकालाच्या दिवशी मी दोघांना वर बोलावले. आधी ती वाकली. पेशी तळाला धरून, लांबट, एकमेकींना टेकून पसरल्या होत्या; काही तर दुभंगत होत्या, म्हणजे वाढत होत्या. तिने प्लेट हळूहळू सरकवत कडेपासून कडेपर्यंत सगळी पाहिली.

"विषारी तुलनेच्या प्लेटमध्ये मेल्यात ना?" तिने विचारले.

"मेल्या आहेत."

"मग बरोबर आहे."

तिने जागा करून दिली आणि मामांना भिंगाशी डोळा कसा ठेवायचा ते दाखवले. मामांनी आधी टोपी नीट केली. पुष्कळ वेळ पाहिले.

"ह्या जित्या हायत?"

"हो मामा. सगळ्या."

"तुज्या कार्बनवरच्या?"

"कार्बन भिजवलेलं पाणी दिलंय त्यांना. पण हो, माझ्याच."

मामा सरळ झाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मंग पाठव ना गो!"

"कुठं, मामा?"

मामा पुन्हा भिंगाशी वाकले.

पुढल्या महिन्यात ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली. ती नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांची होती, शरीराशी तिचा संबंध नव्हता. पण त्या दिवशी ती लगेच खाली गेली नाही. चाचणी संपली की पेशी ब्लीच घालून नष्ट करायच्या असतात. मी बाटली हातात घेतली तशी ती म्हणाली, "आणखी ठेवता येतील का थोड्या?"

ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. फार दिवस ठेवल्या तर जागा संपून त्या आपोआप मरतात, हेही मी तिला सांगू शकले असते, आणि तिला ते ठाऊक होते. मी बाटली परत ठेवली, जुना द्रव काढून ताजा घातला आणि प्लेट पुन्हा उबेच्या कपाटात सरकवली. मामांनी कपाटाचे दार अगदी हलक्या हाताने लावले.